सिद्रामप्पाला वाचा फुटली

नीलम्मानं जोंधळ्याचं सूप नवऱ्यापुढं आदळलं. "निवडा. आन् निवडता निवडता बोला."

सिद्रामप्पा नुसता सुपाकडं बघत बसला.

हा गडी म्हंजी अबोल्याचा डोंगर. लग्नात जंगमानं पसंती इचारली तर यानं मान हालवली, आन् त्या एका मानेवर नीलम्मा तीस वर्सं नांदली. एकदा शेतात "हं" म्हणला, तर तीन कोसांवरची लोकं ढग गरजला म्हून तिफणी घेऊन निघाली, असं अजून सांगतेत.

लातूरचा नवा जिल्हा झाला तवाची गोष्ट. जिल्हा आला, पाऊस काय आला न्हाई. कोरड्या हिरीतला गाळ काढता काढता सिद्रामप्पाच्या छातीत कळ आली आन् पंधरा दिस लातूरच्या दवाखान्यात काढावे लागले. तिथं एक बाई व्हती. सुई न्हाई, गोळी न्हाई. काळजाच्या दुखण्यातून उठलेल्याला पुन्हा कामाला लावायची. तिनं नीलम्माला बजावलं, आधी बसून निवडटिपण, मग अर्धी बादली पाणी, मग वैरण. काम करता करता बोलायचं. बोलताना दम तुटला की काम खाली ठेवून बसायचं.

आता बोलणंच न्हाई, तर तुटंल काय?

आन् दारात व्हता शंकऱ्या, वासरापासून हातानं वाढवलेला देवणी बैल. दुष्काळात त्याची वैरण नीलम्माचा भाऊ चंद्रप्पा पुरवायचा. तो म्हणला, पोळ्याला दाजींनी सोता बैल धरून म्हादेवाला फेरी घातली तर वैरण चालू; न्हाई तर बैल देवणीच्या बाजारात.

म्हून सिद्रामप्पानं तोंड उघडलं. पहिल्या दिशी म्हणला, "खडा. दाणा. खडा." नीलम्मा म्हणली, पुराण लई रंगलं. दुसऱ्या हप्त्यात अर्धी बादली उचलून म्हणला, "तीस वर्सं आमटीत मीठ जास्तच पडत आलंय." ती दोन दिस फुगून बसली, पर दम तुटला न्हाई हे तिनं बरूबर ध्यानात ठिवलं.

तिसऱ्या हप्त्यात पेंडी घेऊन गोठ्यात गेला. "शंकऱ्या, ये बाबा." बैलानं कान टवकारले, फुरफुरला आन् दाव्याला असा हिसका दिला की खुटा हालला. त्याला धन्याचा हात ठावा, आवाज कुठं ठावा? त्याला वाटलं, कुणी परका गडी शिरला. वैरण टाकाया आलेला चंद्रप्पा हासून हासून खाली बसला.

मग सिद्रामप्पा दूर लिंबाखाली बसून पोळ्याची येसण वळायला लागला आन् वळता वळता बैलाशी बोलायला. रोज हातभर जवळ सरकायचा. कुस्तीत कसा पडला, लग्नाआधी उदगीरच्या जत्रंत हिरव्या लुगड्यातली पोरगी कशी दिसली, घरी कसं सांगता आलं न्हाई. हिरवं लुगडं नीलम्माचंच. ती दाराआड उभी. चुलीवर भाकर करपली, तरी हालली न्हाई. बाराव्या दिशी शंकऱ्यानं त्याच्या खांद्यावर मान टाकली.

पोळ्याला सिद्रामप्पा बैल धरून बोलत निघाला, आन् गाव मुकं झालं. म्हादेवाच्या चढावर मात्र त्याचा आवाज तुटला. सिद्रामप्पा येसण धरून तिथंच पायरीवर बसला. मागं चाळीस बैल खोळंबले.

"हारले दाजी," चंद्रप्पा म्हणला.

सिद्रामप्पानं सावकाश श्वास घेतला. "हारलो न्हाई, चंद्रप्पा. दम खातोय. बाईनं सांगितलंय." मग उठला, आन् बोलत बोलत फेरी पुरी केली. दिवेलागणीलाच चंद्रप्पाच्या घरून वैरणीची गाडी आली.

त्या दिशी नीलम्मानं पुरणपोळीसंगं आमटी वाढली, मीठ कणभरबी न टाकता. सिद्रामप्पानं भुरका मारला, तिच्याकडं बघितलं, आन् अजून एक भुरका मारला.

"झ्याक झालीय," म्हणला.

तोंड उघडून महिना झाला न्हाई, तर गडी खोटं बोलायाबी शिकला.