उभी पिंपं

यंत्रांच्या आवारात तेलाचं कोठार सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे थेंबमामा म्हणत. तेलाचा थेंब सांडला तरी मामा सांडणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. कोठार अपुरं, म्हणून वीसेक पिंपं उघड्यावर असत, पण सगळी आडवी. उभ्या पिंपाच्या झाकणावर पाणी साचतं. दिवसा तापलेलं पिंप संध्याकाळी गार झालं की बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढून घेतं. हे मामाने इतक्यांदा ऐकवलं होतं, की लोक त्याला बघून वाट बदलत.

मग वरिष्ठ पाहणीला येणार म्हणून साहेबाने फर्मान काढलं, पिंपं उभी करा, रांगेत छान दिसतात.

"साहेब, पाऊस चालू आहे. पाणी शिरेल."

"तुम्हाला विचारलं का मी?"

मामाचा जावई तिथेच फिटर होता. दोघांनी मिळून पिंपं उभी केली. हुकूम ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. वरिष्ठ आले, छान म्हणाले, गेले. पिंपं तशीच राहिली. पंधरवड्याने मोठ्या खोदाई यंत्रात तेल बदलायचं निघालं. मामाने बाटलीत काढून बघितलं, तेल गढूळ होतं. साहेब म्हणाला, काम थांबवायचं नाही, ओता. जावयाने ओतलं. चौथ्या दिवशी पंप बसला आणि टाकीतून दुधासारखं पांढरं तेल निघालं.

चौकशीत साहेबाने हात झटकले. खापर कोणाच्या तरी डोक्यावर फुटणारच होतं. मामा मात्र निर्धास्त होता, साक्षीदार घरचाच होता ना!

जावयाने जमिनीकडे बघत सांगितलं, "साहेबांनी तसं काही सांगितलं नव्हतं. मामांच्या हल्ली लक्षात राहत नाही."

तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून राखलेलं कोठार पाच मिनिटांत हातचं गेलं. आपलेच दात, आपलेच ओठ. ओरडायचं तरी कोणावर?

मामा तडक मुलीकडे गेला. आईविना वाढवलेली एकुलती एक पोर, नवऱ्याला चांगली फैलावर घेईल, अशी त्याची खात्री होती. ती कपडे वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, साहेबांनी यांना आदल्या दिवशीच बोलावलं होतं. दोघांपैकी एकाला जावं लागेल म्हणाले. यांनी मला विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"तुमची अशी किती वर्षं राहिली होती?"

मामाला राग यायला हवा होता. पण पोरीचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं, आणि तेच त्याला सहन होईना.

"उद्यापासून कोठार यांच्याकडे येतंय," तिने चादर झटकली. "जरा शिकवा यांना. त्यातलं तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

हे ती अगदी मनापासून म्हणाली होती.