सुटं तेल

धाकटीने मऊ सिलिकॉन रबराच्या चकतीवर काचेचे मणी भुरभुरले, पिठाहून बारीक, आणि चकती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. एकेका मण्याच्या बुडाशी रबराची कड अलगद वर चढली.

"झकास!" ताई मागून डोकावली.

प्रयोगशाळा ताईची, बहीण ताईची, आणि ताईच्या मते बहिणीचं डोकंही ताईचंच. मऊ रबर कणाला नुसतं चिकटत नाही, त्याच्या अंगावर चढतं, हे आधी धाकटीला दिसलं होतं. गेल्या वर्षी परिषदेत ताईने ते स्वतःचं म्हणून सांगितलं आणि घरी येऊन म्हणाली, "तुझं-माझं काही वेगळं आहे का गं?" आईनेही तिचीच री ओढली.

"आतलं सुटं तेल काढलंस ना? द्रावकात भिजवून?"

अशा रबरात त्याच्याशी न जुळलेलं, सुटं तेल थोडं उरतंच. ते काढलं नाही, तर मण्यावर तेलच पाझरून चढतं आणि बघणाऱ्याला वाटतं, रबर चढलं.

"काढलं की," धाकटी म्हणाली. द्रावकाच्या बाटलीला तिने हातही लावला नव्हता.

यंदाच्या परिषदेत ताई रंगात आली होती. भाषण संपताच पुढच्या रांगेतले एक म्हातारे प्राध्यापक उठले.

"बाई, ही कड मला ओली वाटते. तेल काढलं होतं?"

ताईने पडद्याकडे निरखून पाहिलं. मग तिची नजर सभागृहातून फिरत धाकटीवर येऊन थांबली. धाकटीने ती चुकवली नाही. आता ताई आपलं नाव घेणार, आणि आपण उभं राहून सगळ्यांदेखत म्हणणार, 'मला काय विचारता? काम तर ताईंचं आहे ना!' वाक्य तिने घोटून ठेवलं होतं.

"राहिलं," ताई म्हणाली. "चूक माझी. हे निष्कर्ष मी मागे घेते."

कुजबुज उठली. धाकटीचं घोटलेलं वाक्य वायाच गेलं. श्रेय नेलं होतं, आता चूकही घेऊन गेली.

ताई खाली आली. शेजारच्या खुर्चीवरची धाकटीची पिशवी उचलून मांडीवर घेत ती बसली.

"फिटलं ना आता?" तिने हळूच विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली आणि पुढच्या वक्त्यासाठी जोरजोरात टाळ्या वाजवू लागली.