कोपऱ्यातली जांभई

मी एक जुने व्यंगचित्र आहे. नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीसमोर, काचेच्या चौकटीत, एका खिळ्यावर माझा सगळा संसार आहे. मित्रांनो, मला पाहिले की तुम्ही आधी हसाल. सगळेच हसतात. माझा जन्म त्यासाठीच झाला. पण एकदा माझ्यामुळे भरल्या दालनात अशी शांतता पसरली, की ती आठवली तरी अजून माझ्या काचेला घाम फुटतो.

मला काढले नाकवाल्या काकांनी. कोणाचेही चित्र ते नाकापासून सुरू करत, म्हणून हे नाव. संगीत नाटकाच्या प्रयोगाला ते तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसत. मांडीवर फळी, फळीवर कागद, हातात शाईचे पेन. आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे! गाणे कानावर पडले की त्यांचा हात जागीच थांबे, आणि कागदावर शाईचा डाग पसरत जाई. म्हणून ते कान बंद करूनच नाटक बघत. शेकडो गाणारे त्यांनी रेखाटले, पण एकाचेही गाणे ऐकले नव्हते.

त्या नाटक कंपनीत एक रीत होती. शंभराव्या प्रयोगाला नायिकेचे व्यंगचित्र दाराशी टांगायचे. नव्वदाव्या प्रयोगाला काकांनी मला काढले. नायिकेला सगळे 'बाई' म्हणत. काकांनी बाईंचे नाक पोपटाच्या चोचीसारखे काढले, डोळे बशीएवढे काढले, आणि तोंड असे उघडे की आत बादली मावावी. मान मात्र गुळगुळीत, बाटलीसारखी. कोपऱ्यात थोडी जागा उरली. रिकामी जागा काकांना सोसत नसे. डाव्या विंगेत हातावर शाल घेऊन उभी असलेली एक स्त्री त्यांनी तिथे बसवली. बोटभर उंचीची. तिचेही तोंड उघडे होते आणि मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. काकांना वाटले, बिचारी दमून जांभई देते आहे.

ती बाईंची थोरली नणंद. कंपनीचे कपडे सांभाळायची. बाई तिला वन्सं म्हणत, म्हणून अख्खी कंपनी तिला वन्संच म्हणे.

शंभराव्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी मला खिळ्यावर चढवले. नटमंडळी जमली.

"बाई, या नाकावर टोपी अडकवता येईल हो!"

"टोपी कसली, ओला टॉवेल वाळत घाला," असे म्हणून बाई स्वतःच खळखळून हसल्या.

मग कोणाचे तरी लक्ष कोपऱ्याकडे गेले. "अहो वन्सं, तुम्ही चक्क जांभई देताय!"

"रोज तेच नाटक बघून येते एखाद्याला," वन्सं म्हणाल्या. पण त्या हसल्या नाहीत. सगळे गेल्यावरही माझ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि काचेवरची नसलेली धूळ त्यांनी पदराने पुसली.

दुपारी प्रयोग झाला. बाईंना गाणे शिकवणारे म्हातारे गुरुजी मुद्दाम आले होते. प्रयोग संपल्यावर ते डोळे पुसतच बाहेर आले.

"पोरी, एवढ्या आजारपणानंतर तुझा गळा असा खुलेल असं वाटलं नव्हतं. पण गाताना विंगेजवळच्या त्या खांबाला काय चिकटून उभी राहतेस?"

"सवय लागलीय, गुरुजी."

गुरुजींची नजर माझ्यावर पडली. आधी ते हसले. मग त्यांचे हसू ओठांवरच थांबले. त्यांनी काठीच्या मुठीने माझी काच ठोठावली.

"ही गात नाहीये."

"गुरुजी, चित्र कसं गाणार?" कंपनीचे मालक हसत म्हणाले.

"वीस वर्षं हिची मान बघितलीय मी. वरच्या सुराला हिच्या शिरा फुगतात. इथं बघा, नुसती बाटली. आणि आता ही कोपऱ्यातली बघा. ही जांभई नाही हो. हा वरचा सूर आहे!"

कोणी हलेना. पेटीवाले स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. बाईंचा चेहरा रंगाखालूनही पांढरा पडलेला दिसला. मित्रांनो, मला पाय नाहीत, नाहीतर माझ्या पायाखालची जमीन सरकली असती. मी हसवण्यासाठी जन्मलेला कागद! एवढी मोठी गोष्ट माझ्या अंगावर लिहिलेली होती आणि मलाच तिचा पत्ता नव्हता.

"तापात गाण्याचा आवाज गेला माझा," बाई कशाबशा म्हणाल्या. "चाळीस प्रयोग झाले. मी नुसतं तोंड उघडते. विंगेतून वन्सं गातात. गाण्याच्या वेळी त्या विंगेत दुसरं कोणी नसतं, फक्त पेटीवाल्यांना ठाऊक आहे. आवाज माझ्याकडूनच येतोय असं वाटावं, म्हणून तो खांब."

मालक मटकन बाकावर बसले आणि तसेच ताडकन उठले. "बाहेर कळलं तर लोक खुर्च्या मोडतील! नाटक बंद पडेल! काका, तो कोपरा खरवडून टाका. आत्ताच्या आत्ता!"

नुकतेच बाहेर आलेल्या काकांच्या कानांत अजून बोळे होते. "काय झालं? नाक जमलं नाही का?" त्यांनी विचारले. मालकांनी बोटाने कोपरा दाखवला आणि हवेत खरवडून दाखवले. मला खाली उतरवले, काच काढली. काकांनी खिशातून पाते काढले. थंडगार पाते माझ्या अंगाला लागले आणि पहिला ओरखडा वन्संच्या तोंडाशेजारीच उमटला. कागदालाही दुखते, मित्रांनो.

"थांबा!" वन्सं पुढे आल्या. "जाहिरातीत मी नाही, दारावरच्या पाटीवर नाही. एवढे दिवस गायले, तेव्हा ही बोटभर जागा मिळाली. तीही जांभई म्हणून. तेवढी तरी राहू द्या ना."

काकांना ऐकू गेले नाही. पाते पुन्हा टेकले. तेवढ्यात बाईंनी पुढे होऊन काकांच्या कानांतले दोन्ही बोळे उपसून काढले.

"वन्सं, म्हणा."

"अगं वहिनी, इथं? सगळ्यांच्या देखत?"

"इथंच."

वन्संनी हातावरची शाल घट्ट धरली, डोळे मिटले आणि वरचा सूर लावला. मध्ये पडदा नव्हता, खांब नव्हता. काकांचा हात जागीच थांबला. पाते बोटांतून निसटून फरशीवर वाजले.

गाणे संपले तरी काका तसेच बसून होते. "आणि मी म्हणे जांभई काढली," ते पुटपुटले.

पुढच्या प्रयोगाला मालकांनी घाबरत घाबरत वन्संची खुर्ची रंगमंचावर, त्या खांबाशेजारी मांडली. पाटीवर दोघींची नावे आली. काही लोक फसवणूक म्हणत रागावून उठून गेले. अर्धे नाट्यगृह रिकामे राहिले. ते पुन्हा भरायला दोन महिने लागले, पण भरले. काकांनी त्यानंतर कानात कापूस घातला नाही. त्यांची चित्रे कमी झाली आणि प्रत्येकावर शाईचे डाग दिसू लागले.

आता त्यांच्यापैकी कोणी उरले नाही. मधली काही वर्षे मी झाडूंच्या कपाटामागे काढली. तिथे ओल लागली, कसर लागली. कसरीने कडेकडेने खात बाईंचे नाक गाठले आहे. नाक एवढे लांब, आधी तेच तिच्या तोंडी लागले!

मित्रांनो, माझ्यासारखे जुने कागद कोठे सापडले तर त्यांना ओलीपासून जपा, मागे कोरडा पुठ्ठा लावा. मला बघून पोटभर हसा. मग जरा जवळ या आणि त्या ओरखड्याशेजारी बघा. बाईंचे नाक गेले तर जाऊ द्या, त्या स्वतःच हसतील. तो कोपरा तेवढा सांभाळा. तिथे वन्सं अजून गात आहेत.