थंड सेट

"क्रिस्टल म्हणे! अरे, तुला स्वतःचं डोकं एका जागी ठेवता येत नाही, नि तू ऑसिलेटर एका जागी ठेवायला निघालास!" थोरला म्हणाला आणि अख्खं वर्कशॉप खो खो हसलं. धाकट्यानेही दात काढले. सख्ख्या भावाच्या हाताखाली नोकरी करायची तर एवढं यावंच लागतं.

वाद रुग्णवाहिकांच्या वायरलेस सेटचा होता. बाहेरून आलेली लहर मिक्सरमध्ये सेटच्या स्वतःच्या लहरीत मिसळते, तेव्हा कुठे माणसाचा आवाज हाती लागतो. ही घरची लहर पुरवतो तो लोकल ऑसिलेटर. तो जागचा सरकला की आवाज गेलाच म्हणायचा. थोरल्याला कॉइलचा हवा होता, एकाच बटणावर सगळे चॅनेल फिरवणारा. धाकट्याचं म्हणणं, क्रिस्टल घ्या; चॅनेल मोजके मिळतील, पण लहर हलणार नाही.

"माझा कुठे हलतोय? ये, बघ ना!"

खरंच हलत नसे. कारण सगळ्यांच्या आधी येऊन धाकटा सेट चालू करून ठेवी, आणि थंड असताना सरकत राहणारी कॉइल थोरला टेबलाशी येईपर्यंत तापून शहाणी झालेली असे. त्या मोठ्या डोक्यात हे कधी शिरलंच नाही.

रुग्णवाहिकांचं गिऱ्हाईक सेट बघायला आलं त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. धाकटा नेहमीसारखाच लवकर आला, पण हात खिशात घालून सेटसमोर बसून राहिला. त्याला फार बरं वाटत होतं.

थोरल्याने सगळ्यांदेखत सेट लावला. आवाज आला आणि निसटला. बटण फिरवलं, सापडला, पुन्हा निसटला. थोरला त्याच्यामागे घाम पुसत धावत राहिला.

"तोवर आमचा पेशंट आटोपेल," गिऱ्हाईक म्हणालं. वर्कशॉपचे मालकही हसले.

"तू सेट लावून ठेवला नव्हतास?" थोरल्याने हळूच विचारलं.

"तू कधी सांगितलं होतंस, दादा?"

काम क्रिस्टलवर गेलं आणि टेबल धाकट्याकडे. थोरल्याला खाली सोल्डरिंगला बसवलं.

"भावजी, तुम्हाला ठाऊक होतं ना?" रात्री घरी जेवण वाढता वाढता वहिनीने विचारलं.

"हो," तो म्हणाला आणि मीठ मागितलं.

पुढच्या सोमवारी धाकटा वर्कशॉपमध्ये आला तर दिवे आधीच लागले होते. गळ्याभोवती मफलर गुंडाळून थोरला उभा होता. टेबलावरचे सगळे सेट सुरू होते.

"चालू करून ठेवलेत, साहेब."

त्या आवाजात धाकट्याने थट्टा शोधली. ती नव्हती. क्रिस्टलला तापायची वाट बघावी लागत नाही, हे आता दोघांनाही माहीत होतं.

खुर्ची ओढून धाकटा बसला.

"रोज लावत जा," तो म्हणाला.

थोरल्याने मान डोलावली आणि कठडा धरून तो जिना उतरू लागला.