खेमचंदशेठच्या टाकीतली कीड

पिंपळवंडीच्या भगवंताला द्राक्षाचं पान पाहून रोग ओळखता येतो, हे आळेफाट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे २००६ च्या ऑक्टोबरात, छाटणीची घाई ओसरल्यावर, खेमचंदशेठनी त्याला ‘भिंग घेऊन घरी ये’ असा निरोप धाडला, तेव्हा शेठनी परसात वेल लावली असेल असंच त्याला वाटलं.

वेल नव्हती. बैठकीत पाच फुटी काचेची टाकी होती, तिच्यात खारं पाणी, आणि पाण्यात एक दगड. दगडावर शर्टाच्या बटणाएवढी हिरवी तोंडं चिकटलेली. थोड्या तोंडांभोवती केशरी झालर फुललेली, बाकीची मिटलेली.

“हे पोवळं. मऊ जातीचं,” शेठ म्हणाले. “जिवंत असतं. गेल्या दिवाळीपासून सांभाळलं, पावसाळ्यापर्यंत दोनशे झाली होती. तीन महिन्यांत साठ राहिली. कोणीतरी खातंय, भगवंतभाऊ, पण दिसत नाही.”

“शेठ, मी द्राक्षवाला. हे झाड हाय का जनावर?”

“जनावर.”

“मंग मुळं कशाला धरलीत दगडाला?”

शेठनी खुर्ची टाकीजवळ ओढली. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून ते दिवसभर या टाकीसमोरच बसत. “हे गेलं तर टाकी मोडून टाकीन,” ते म्हणाले. “पुन्हा जीव लावायची ताकद नाही माझ्यात.”

भगवंताने आधी पाण्याला दोष दिला, मग भारनियमनाने बंद पडणाऱ्या दिव्याला. शेठनी दोन्हींची नोंद वहीत ठेवली होती, दोन्ही ठीक होतं. मग त्याने काचेला भिंग लावलं आणि अर्धा तास हललाच नाही. मिटलेल्या बटणांत एक बटण सरकलं.

“आयला! चालतंय की हे!”

ती शेंबी होती. पावसाळ्यात कोबीवर येते तशी, शंख नसलेली गोगलगाय. पण रंग हुबेहूब बटणाचा, पाठीवर झालरसुद्धा तशीच. जे खात होती तेच अंगावर पांघरून बसली होती.

शेठनी सायबर कॅफेतून छापून आणलेले कागद काढले. “दगड दोन मिनिटं गोड्या पाण्यात बुडवा, असं लिहिलंय. पण त्यात ती मरते. ते आम्हा जैनांकडून व्हायचं नाही.”

“मंग मला कशाला बोलावलंत? माझं सगळं औषध मारायचंच असतंय.”

शेवटी टाकीतलंच पाणी बादलीत घेतलं, दगड त्यात धरला आणि भगवंताने जनावरांच्या बिनसुईच्या सिरिंजने पिचकाऱ्या मारल्या. चौदा शेंब्या गळून पडल्या. एकीची झालर त्याच्या चिमट्यात अडकून डाव्या अंगाला तुटली.

“बादलीचं काय करायचं?” त्याने विचारलं.

“राहू द्या तिथं, मी बघते,” शेठच्या पत्नी चंदाबाई आतून म्हणाल्या.

चौथ्या दिवशी पुन्हा बारा. भगवंताने दगडाची खालची बाजू तपासली, तिथे अंड्यांची पांढरी वेटोळी होती. हेच कारण, म्हणून तो निश्चिंत झाला. पण घरी जाताना गाडीवर त्याला कोडं पडलं. अंड्यातून निघालेली पिलं बारीक असायला हवीत. ह्या तर जुन्यांइतक्याच मोठ्या होत्या.

तिसऱ्या आठवड्यातल्या खेपेला तेरा निघाल्या. त्यांतली एक डाव्या अंगाला तुटकी होती.

तो बादलीकडे बघत राहिला. मग हाक मारली, “भाभी, मागच्या येळंला ह्यांचं काय केलंत?”

“काय करणार? पाणी फडक्यानं गाळलं आणि फडकं टाकीत विसळलं. आमच्यात गाळलेले जीव जिथलं पाणी तिथंच सोडायचे असतात. माहेरी विहिरीत सोडायचो.”

“चंदा!” शेठ उठून उभे राहिले. “तीन आठवडे हा माणूस इथं गुडघे घासतोय!”

“मला कोणी सांगितलं? तुम्हीच म्हणालात, मारायचं नाही. मग दुसरीकडे कुठे सोडू? मीना नदीत? मिठाच्या पाण्यातली ती!”

समुद्र घाटाखाली, लांब. वेगळ्या बरणीत ठेवावं, तर त्या ह्या बटणांशिवाय काही खात नाहीत.

“मग बटणं द्या की थोडी,” चंदाबाई म्हणाल्या.

“अगं, तीही जिवंत आहेत!”

“आपल्यात पोवळं दगडामातीतच मोजतात ना? मुनिमहाराजांनीच सांगितलंय. एकच इंद्रिय, म्हणून जीव खालचा. गोगलगायीला तरी जास्त.”

शेठ खाली बसले. “पण हे तोंड उघडतं, चंदा. खायला घातलं की मिटतं.” मग भगवंताकडे वळून, “तुम्ही सांगा. जीव कोणाचा मोठा?”

भगवंताने आयुष्यात असंख्य किडी मारल्या होत्या, पण हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. “शेठ, मला निसतं कुठं कापायचं तेवढं सांगा,” तो म्हणाला.

शेठनी बराच वेळ दगड फिरवून पाहिला. मग जिथे अंड्यांची वेटोळी होती ती कड दाखवली. तिच्यावर अठरा बटणं होती. भगवंताने छिन्नीने ती कड उडवली. उरलेला दगड ब्रशने घासला, भिंगाखाली दोनदा पाहिला आणि टाकीत ठेवला. तुटलेली कड आणि तेरा शेंब्या लोणच्याच्या मोठ्या बरणीत गेल्या. हवेची नळी बरणीत सोडली.

पंधरवड्याने तो आला तेव्हा टाकीतली सगळी बटणं उघडी होती. बारीक बटणंही मिटलेली नाहीत ना, हे त्याने भिंगाने एकेक करून पाहिलं. एकही शेंबी नव्हती.

बरणीत सहा बटणं उरली होती. काचेला आतून पांढरी वेटोळी चिकटली होती.

“अंडी घातलीत,” भगवंत म्हणाला.

“बघा! रुळल्या!” चंदाबाई आनंदल्या.

शेठनी टाकीकडे पाहिलं, मग बरणीकडे. “म्हणजे हे बरं झालं का वाईट, भगवंतभाऊ?”

भगवंताने भिंग पुसलं, पुन्हा बरणीला लावलं, पुन्हा काढलं.

“टाकी बरी हाय, शेठ,” तो म्हणाला. “बरणीचं मला इचारू नका.”

शेठनी मान हलवली, बाही वर केली आणि बरणीतल्या शेंब्यांना आणखी कुठलं बटण द्यावं, हे ठरवत टाकीत हात घातला.