एक नंबर खोलीतला कूलर

प्राचार्यपद मिळालं तर काय काय पदरात पडणार, याची यादी गाण्याच्या राधेश्याम सरांना तोंडपाठ होती: हातांची खुर्ची, दारावर नावाची पाटी, वाद्यांच्या कपाटाची किल्ली, आणि तबल्याच्या पुंजाराम सरांनी रोज सकाळी समोर उभं राहून हजेरीवर सही करायची. शेवटचं कलम त्यांना सगळ्यांत प्रिय होतं.

जालन्यातलं हे संगीत विद्यालय म्हणजे मालकीण इचरजबाईंच्या सासऱ्यांचं जुनं बियाण्याचं गोदाम. पाच खोल्या, मधल्या भिंती प्लायवूडच्या. सकाळी सातला एका खोलीत सा लागला की शेजारी कथकच्या मुली पाय आपटायला लागत आणि बंद हार्मोनियमही गुणगुणू लागे. बियाण्याला लावायच्या औषधाचा वास कोपऱ्यांतून अजून गेला नव्हता. नवी पोरं पहिला आठवडा शिंकतच गायची.

गेल्या गॅदरिंगला राधेश्याम सरांनी माइकवर सगळ्यांचे आभार मानले, मांडववाल्याचेसुद्धा, फक्त पुंजाराम सरांचे राहिले. तेव्हापासून अकरा महिने दोघांत बोलणं बंद. पण गाण्याला तबला लागतोच, म्हणून रोज एकाच सतरंजीवर बसत आणि शिपाई भिवाच्या तोंडून भांडत.

“भिवा, त्यांना सांग, लय जरा आवरा.”

“लय आवरा म्हन्तेत, सर.”

“म्हणाव, लय जागच्या जागी हाय. गाणंच पळून राह्यलं.”

मेमध्ये वार्षिक परीक्षा आली. इचरजबाईंनी दोघांना बसवून सांगितलं, “बाहेरचे परीक्षक येणार. ज्याच्या कामावर ते खूश, खुर्ची त्याची. झगडा बिलकुल नको.”

या खुर्चीच्या भानगडीत दैवशाला सापडली. कुंभार पिंपळगावची पोरगी, गाण्याचं सहावं वर्ष. विद्यालयाच्या मागच्या खोलीत राहायची, पहाटे चारला उठून तानपुऱ्याचं यंत्र लावून बसायची. पहिला वर्ग मिळाला तर मदतनीस शिक्षिकेची जागा आणि खोली कायम. नाही मिळाला तर खोली सोडायची. आई सोनूबाईंनी फोनवर साफ सांगितलं होतं, “यंदा न्हाई झालं तर मंग घरी ये. गाणं काय, मोसंबीला पाणी देतानाबी म्हनता येतंय.”

परीक्षेच्या दिवशी राधेश्याम सरांनी इचरजबाईंच्या बंगल्यातला कूलर एक नंबर खोलीत आणवला. परीक्षकांना गार वाटलं पाहिजे. कूलरचं तोंड नेमकं तबल्याकडे.

पुंजाराम सरांनी दारातूनच निरोप धाडला, “भिवा, सांग त्यांना, ओल्या हवेनं पुडीचं कातडं सैल पडंल. तबला सुरातून उतरतो.”

“म्हणाव, दुसऱ्याचं चांगलं बघून तोंड उतरलं असेल!”

परीक्षक आले, बसले, “वा, गार आहे,” म्हणाले. परीक्षेच्या खोलीत शिपायाला मनाई, म्हणून भिवा बाहेर गेला आणि दार लागलं.

दैवशालाची सुरुवात बरोबर झाली. पाच मिनिटांत तबला उतरू लागला. तिला ते कळलं. पण तबल्याच्या सरांना ‘तबला लावून घ्या’ असं शिष्यानं म्हणायचं नसतं, ते म्हणायचं गुरूनं. तिनं राधेश्याम सरांकडे पाहिलं.

राधेश्याम सरांनाही कळलं होतं. पण बोलायचं म्हणजे अकरा महिन्यांनी पहिला शब्द आपला, वर कूलर चुकला ही कबुली. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

पुंजाराम सरांची हातोडी मांडीशीच होती. दोन ठोक्यांचं काम. पण ते वाट पाहत राहिले. आधी तोंडानं मागू दे त्यांना.

तानपुऱ्याचं यंत्र कूलरच्या घरघरीत बुडालं होतं. ऐकू येत होता तो फक्त तबला, आणि तो खाली चालला होता. दैवशालानं चार आवर्तनं तग धरला. पाचव्यात तिचा सा घसरून तबल्याला जाऊन मिळाला. परीक्षकांनी कूलर बंद करायला लावला. खोली शांत झाली, यंत्राचा तानपुरा ऐकू आला, आणि ती किती खाली आहे ते सगळ्यांना कळलं. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्याआल्या अकरा महिन्यांचं मौन सुटलं.

“तुम्ही मुद्दाम उतरू दिला!”

“तुम्ही एक शब्द बोलायचा होता, लावला असता!”

“हातोडी कुणाकडं होती?”

“तोंड कुणाकडं होतं?”

दैवशाला तिथंच उभी होती. तिला दोघांपैकी कुणी काही विचारलं नाही. शेवटी तीच म्हणाली, “शब्द काय, ठोका काय, मला दोघांचंबी ऐकू आलं असतं, सर.” आणि यंत्राची वायर गुंडाळायला आत गेली.

दैवशालाचा निकाल दुसऱ्या वर्गाचा लागला. परीक्षक ना गाण्यावर खूश होते, ना तबल्यावर. इचरजबाईंनी खुर्ची नातवाला, हर्षला दिली. हर्षला सा आणि रे यांतला फरक कळत नाही, पण तो दोन्ही सरांशी बोलतो. कूलर त्याच्या खोलीत लागला. राधेश्याम सरांचा वर्ग शाबूत, पुंजाराम सरांची हातोडी शाबूत. दोघंही रोज सकाळी हर्षसमोर उभे राहून सही करतात, आणि पुन्हा भिवाच्या तोंडून बोलतात.

मागची खोली तेवढी रिकामी झाली.