पंचशीला पाणी पीत न्हाई

पंचशीलाला रक्त पडत होतं, ते तिनं महिनाभर लपवलं. बाईचं डोकं दुखलं तर घर विचारतं. ज्या जागी दुखतं तिचं नाव काढायची तिला सोय नसते. शेवटी बसता येईना, तेव्हा नवऱ्यानं, शहादेवनं, तिला माजलगावात डॉक्टरीणबाईंकडं नेलं. शहादेव साखर कारखान्यात फिटर. काही बिघडलं की आधी कुणाची चूक ते बघायची त्याला सवय.

"पाणी किती पिता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नुस्ता चहा पिती, मॅडम," शहादेव बोलला. "आन् ठेच्याबिगर घास उतरत न्हाई हिला."

"मी त्यांना विचारलंय."

मग बाईंनी पंचशीलाला पडद्यामागं नेऊन तपासलं.

"शौचाला खडा होतो, म्हणून जखम झालीय. सकाळी उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी प्यायचं, पालेभाजी खायची, आणि लागली की लगेच जायचं. दाबून ठेवायचं नाही. नाहीतर ऑपरेशन करावं लागेल."

त्या दिवसापासून शहादेव घरात मुकादम झाला. ठेच्याचा खल माळ्यावर टाकला. त्याचा दोस्त चाँद फळाचा गाडा लावतो, त्याच्याकडून पपया आणल्या. सकाळी स्वतः पाणी कोमट करायचा, तांब्या बायकोच्या हातात द्यायचा आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. तिथं चाँद आणि कारखान्यातला पवन चहाला आलेले असायचे. तांब्या रिकामा व्हायचा. दुखणं हटत नव्हतं.

एका सकाळी तो तंबाखूची पुडी घ्यायला मागं वळला, तर पंचशीला पाणी मोरीत ओतत होती.

"आगं ये! मी काय येडा हाय का? कापून घ्यायची हौस आली का तुला?"

"हळू बोला. ते दोघं येतील आता."

"येऊ दे! कावून ओतलंस?"

"पेलं की लागती."

"मग जायचं!"

"कुठनं जाऊ? तुमच्या मांड्यांवरनं?"

शहादेवनं दाराबाहेर बघितलं. गटार पुढच्या अंगाला, म्हणून संडास दारातच बांधलेला, ओट्याला खेटून. पत्र्याचं दार. आत कुणी खोकललं तरी ओट्यावर कळतं. ओटा त्यानं हौसेनं बांधला होता, वर शहाबादी फरशी.

"सकाळी लागती तवा तुमी बसलेले. तुमी उठूस्तोर मरून जाती. मग दिसभर पोट दगड," ती म्हणाली. "आधी जात होते की मी. त्या दिशी आतनं आवाज आला, तर काय म्हनलं तुमी? 'कारखान्याचा भोंगा झाला, चला रे शिफ्टला.' लई हसले सगळे. तुमी सगळ्यात जास्ती."

त्याला आठवलं. आठवलं म्हणजे काय, तो विसरला कधी होता? चांगला जमलेला विनोद होता तो. डॉक्टरीणबाईंसमोर त्यानं ठेच्याचं नाव सांगितलं, चहाचं सांगितलं. स्वतःचं सांगितलं नाही.

बाहेर चपला वाजल्या. तो गेला आणि ओट्यावर वाट अडवून उभा राहिला.

"आजपासनं हितं बसायचं न्हाई."

"कावून बे?" चाँदनं पपई पुढं केली. "भाभीला काय झालं का?"

"न्हाई म्हनलं ना. चौकात बसू."

"वहिनीनं दम दिलेला दिसतोय," पवन हसला. मग पत्र्याच्या दाराकडं हनुवटी उडवून हळूच म्हणाला, "का आज भोंगा लवकर व्हायचाय?"

शहादेवचा हात उठला. हवेतच राहिला. काय म्हणून मारणार होता? शब्द त्याचाच होता. त्यानं दिलेला आणि यांनी इतके दिवस वापरलेला, त्याच्याच चहासोबत.

"जा तुमी," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

पपई ओट्यावर ठेवून चाँद पवनला ओढत घेऊन गेला.

शहादेव आत आला. पुन्हा पाणी कोमट केलं, तांब्या भरला. "गेले ते. आता न्हाई येणार. मी बी चौकात जातो."

पंचशीलानं दार किलकिलं करून ओटा बघितला. रिकामा होता. तिनं तांब्या तोंडाला लावला. एक घोट. दुसरा.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला, लांबलचक, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा.

तिनं तांब्या खाली ठेवला.

शहादेवला तिच्याकडं बघवेना. कामावर जायची वेळ झाली होती आणि त्याचा पाय उचलत नव्हता.